सरिता देवीने इंचॉनमध्ये पदक नाकारलं, ते बरोबरच केलं

डावखुरा
आशियाई स्पर्धांमधल्या बॉक्सिंगचा विषय निघाला की आपल्या बॉक्सर सरिता देवीचं नाव अजूनही 'बेशिस्त' या शिक्क्यासकट घेतलं जातं, म्हणून हा धागा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: २०१४, इंचॉन, महिलांचा ६० किलो गट, उपांत्य लढत. समोर यजमान दक्षिण कोरियाची पार्क जी-ना. तिन्ही जजनी ३९-३७ असे गुण पार्कला दिले. भारताने ५०० डॉलर भरून तक्रार केली. उत्तर आलं की जजच्या निर्णयावर नियमानुसार तक्रार करताच येत नाही. दुसऱ्या दिवशी पदक देताना सरिताने कांस्य गळ्यात घालू दिलं नाही, हातात घेतलं, आणि रडत रडत पार्कच्या गळ्यात घातलं.

पैसे भरायची खिडकी उघडी, पण आत ऐकून घेणारं कोणी नाही. अशा वेळी खेळाडूने काय करायचं? मुकाट्याने पदक घेतलं असतं तर आज त्या लढतीचं नावही कोणी काढलं नसतं.

मिरजकर
सगळं ठीक, पण पार्कने काय घोडं मारलं होतं? गुण तिने दिले नव्हते. रौप्य घ्यायला उभी असलेली पोरगी, तिच्या गळ्यात जगासमोर दुसऱ्याचं पदक पडतं. ती परत द्यायला गेली तर सरिता घेईना, शेवटी बिचारीने ते तिथेच ठेवलं. जजवरचा राग प्रतिस्पर्ध्यावर काढणं याला मी तरी धैर्य म्हणणार नाही.

आणि 'यजमानांसाठी सगळं ठरलेलं होतं' म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की तीच पार्क त्याच रिंगमध्ये, त्याच प्रेक्षकांसमोर अंतिम लढत चीनच्या यिन जुनहुआकडून हरली कशी?

अवली_मावशी
+१ मिरजकर. यजमानांना फुकटात सुवर्ण मिळालं नाही हे सगळे सोयीने विसरतात.

कोपऱ्यातला
मी जिल्हा पातळीवर बरीच वर्षं जजिंग केलंय, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला साधारण ९. तेव्हा महिलांच्या चार फेऱ्या असत, म्हणजे ३९-३७ चा अर्थ तीन फेऱ्या पार्कच्या, एक सरिताची. फेरी केसाने जिंकली काय किंवा धुऊन काढली काय, बहुतेक वेळा फरक एकाच गुणाचा. त्यामुळे तीन फेऱ्या थोडक्यात गेल्या आणि एकीत समोरचीला हैराण केलं, तरी कागदावर हारच. शिवाय टीव्हीवर दिसणारा प्रत्येक ठोसा लागलेला नसतो, निम्मे गार्डवर अडतात. कॅमेरा एका बाजूला, जज वेगवेगळ्या बाजूंना.

एवढं सांगूनही ती लढत मी सरितालाच दिली असती. तिसऱ्या फेरीनंतर पार्क फक्त पळत होती.

डावखुरा
कोपऱ्यातला, हेच तर म्हणतोय. आणि हे काही इंचॉनला सुरू झालं नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला बदडून काढलं आणि ३-२ ने हरला. त्या बभ्र्यानंतर बार्सिलोनाला बटणं दाबून गुण मोजायची यंत्रं आली. २०१३ मध्ये तीही गेली आणि परत जजच्या नजरेवर कारभार. मग रिओ २०१६, तिथले निकाल एवढे गाजले की तिथल्या एकाही पंचाला टोकियोला घेतलं नाही. २०१९ मध्ये ऑलिंपिक समितीने आयबा या बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेलाच निलंबित केलं. सरिताला एक वर्षाची बंदी आणि १००० स्विस फ्रँक दंड ठोकणारी संघटना हीच! आपल्या संघाचे क्युबन प्रशिक्षक फर्नांडिस यांना तर दोन वर्षं.

सौ_टक्के
पण तिने बिनशर्त माफी मागितली होती ना? मग कसलं बंड?

डावखुरा
करिअर पणाला लागल्यावर माफी मागावी लागते हो. आजन्म बंदीची भाषा चालू होती. सचिन तेंडुलकर तिच्यासाठी क्रीडामंत्र्यांना भेटायला गेला, तेव्हा कुठे आपल्याकडे हालचाल झाली. त्याआधी आपलेच अधिकारी हात झटकून मोकळे.

मिरजकर
संघटना सडकी होती हे मलाही मान्य. माझा आक्षेप पद्धतीवर आहे. लंडन २०१२ आठवा. तलवारबाजीच्या उपांत्य लढतीत शेवटच्या एका सेकंदाच्या घोळावर कोरियाचीच शिन आ-लाम हरली. ती पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, तासभर बसून राहिली. रडली, पण जर्मनीच्या हाइडेमानला तिने मध्ये ओढलं नाही. नंतर सांत्वनाचं खास पदक देऊ केलं, तेही नाकारलं. निषेध असा असतो.

कोपऱ्यातला
शिनचं उदाहरण चपखल नाही. अपील चालू असताना पिस्टवरून उतरली असती तर निकाल मान्य केला असं धरलं गेलं असतं, म्हणून ती बसली. तिथे निदान अपील ऐकलं तरी गेलं, फेटाळलं ही गोष्ट वेगळी. बॉक्सिंगमध्ये बसायला जागाच नव्हती. आणि बीजिंग २००८ ला स्वीडनचा कुस्तीगीर अब्राहामियन कांस्य मॅटवर ठेवून निघून गेला, त्याने कोणाच्या गळ्यात घातलं नव्हतं. तरी पदक काढून घेतलंच.

मिरजकर
मग सरितानेही तसंच खाली ठेवायचं होतं. पार्कच्या गळ्यात का, याचं उत्तर अजून तुमच्यापैकी कोणी दिलेलं नाही.