स्मार्ट सिटीचं सायबर धोरण लिहायला बसलेय, सुरुवात कुठून करू?

संगणक_कक्ष
मी एका महापालिकेच्या संगणक विभागात आहे. शहराचं नाव लिहीत नाही. स्मार्ट सिटी मिशन ३१ मार्च २०२५ ला संपलं. आता कॅमेरे, सिग्नल, पाण्याचं स्काडा (पंप-व्हॉल्व्ह दुरून बघायची-चालवायची संगणक यंत्रणा), कमांड सेंटर असं सगळं एकेक करून आमच्या अंगावर येतंय. सायबर सुरक्षा धोरणाचा मसुदा महिनाभरात द्यायचाय. दुसऱ्या शहराचं ७० पानी धोरण हातात आहे, नाव बदलून टिपणी वर पाठवा असं सुचवलं गेलं. मला ते करवत नाही.

परवा एका चौकात कॅमेऱ्याच्या खांबावरचा बॉक्स बघायला गेले. कुलूप नाही, कडीला तार गुंडाळलेली. दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला, त्यावर नेटवर्क स्विचचा आयपी पत्ता आणि खाली मार्करने युजरनेम-पासवर्ड. दोन्हीकडे एकच शब्द, अ‍ॅडमिन. पुढच्या तीन चौकांत तेच. ही केबल थेट कमांड सेंटरला जाते. ठेकेदाराचा मुलगा म्हणाला, "मॅडम, देखभालीचं कंत्राट संपलंय, पासवर्ड बदलायचे पैसे कोण देणार?" त्या ७० पानांत त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही.

निविदावाला
मॅडम, मुलाने नेमकं दुखणं सांगितलं. २०१६ च्या मिराय नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. तुमचा अ‍ॅडमिन त्यातलाच. पण धोरणात 'पासवर्ड बदलावेत' लिहून कोणी बदलत नाही. कार्यादेशात लिहा: सगळे पासवर्ड, नेटवर्कचा नकाशा आणि कॉन्फिगरेशनचा बॅकअप पालिकेला लेखी मिळाल्याशिवाय अंतिम बिल नाही, सुरक्षा अनामत परत नाही. जुनं कंत्राट संपलं असेल तर अनामत अजून तुमच्याकडे आहे का, ते आजच लेखा विभागात विचारा. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने मे २०१६ मध्येच स्मार्ट शहरांसाठी सायबर सुरक्षेची आदर्श चौकट पाठवली होती. ती जोडा, टिपणीला वजन येईल.

व्हॉल्व्ह_आणि_पंप
मी पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालो. माझं एकच सांगणं आहे. स्काडा बंद पडलं तर हाताने पाणी सोडता येतं का, हे आधी करून बघा. आमच्याकडे जलकुंभाची पातळी स्क्रीनवर दिसायला लागली आणि दोन वर्षांत नव्या व्हॉल्व्हमनना चावी कुठे लागते हेच माहीत नव्हतं. सहा महिन्यांतून एक दिवस पूर्ण झोन हाताने चालवायचा, हे धोरणात घालाच. आणि यादी करताना फक्त संगणक मोजू नका. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेत डॅलस शहराचे धोक्याचा इशारा देणारे १५६ भोंगे मध्यरात्रीच्या सुमारास वाजत राहिले, ते रेडिओ सिग्नल पाठवून वाजवलेले होते.

संगणक_कक्ष
अनामत आहे, विचारून आले! आता एक अडलंय. सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. आमच्याकडे साधं पत्र तीन टेबलांवरून जातं. रविवारी रात्री दोनला कळलं तर सही कोणाची?

निविदावाला
सहीची वाटच बघायची नाही. कमांड सेंटरच्या पाळीप्रमुखाला पदनामाने अधिकार द्या: त्याने आधी सर्ट-इनला ईमेल करायचा, मग वरिष्ठांना फोन. आयुक्तांची मंजुरी आत्ताच, धोरणाबरोबर घेऊन ठेवा. लॉग, म्हणजे यंत्रणेत कधी काय झालं याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आहेत, डिस्कची खरेदी याच अंदाजपत्रकात टाका. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं होतं, तेव्हा हे दूरच्या देशातलं नाही हे वरच्यांना सांगा.

संगणक_कक्ष
पाळीप्रमुख तिघे आहेत, तिघेही कंत्राटी. त्यांच्यावर हा भार टाकायचा तर आधी लेखी संरक्षण द्यावं लागेल. तेच कलम पहिलं लिहितेय. उद्या कुलपांची मागणी टाकतेय, आणि चौकातला तो कागद मी फाडून आणलाय.