‘मंकी बिझनेस’ (१९३१) मराठी सबटायटलसह: वेळ जुळेना, विनोद पोचेना

अंधारातली_खुर्ची:
मार्क्स बंधूंचा (ग्राउचो, चिको, हार्पो, झेपो) विनोदी सिनेमा ‘मंकी बिझनेस’ फिल्म क्लबात दाखवायचा आहे. सबटायटल तयार आहेत, पण दोन ठिकाणी गाडं अडलंय.

पहिलं, सुरुवातीला ओळी बरोबर पडतात, पण शेवटच्या कोठारातल्या मारामारीपर्यंत जवळजवळ तीन मिनिटं उशिरा येतात. सगळ्या ओळी मागेपुढे सरकवून पाहिल्या. एक टोक जुळवलं की दुसरं सुटतं.

दुसरं, जहाजावरून उतरतानाचा पासपोर्टचा प्रसंग. चौघंही ‘मीच मॉरिस शेव्हालिए’ म्हणत एकच गाणं म्हणतात. आपल्या प्रेक्षकांना शेव्हालिए कोण हेच ठाऊक नाही. टीप द्यावी का? आणि हार्पोच्या पाठीवरचा ग्रामोफोन खरंच वाजत असेल का?

चोवीस_चौकटी:
सरकवून जुळणार नाही, कारण चूक वेगाची आहे. तुमची व्हिडिओ फाइल युरोपातल्या पाल (तिथली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवरून आलेली दिसते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. पालमध्ये तो २५ ने पळतो. म्हणून ७७ मिनिटांचा सिनेमा ७४ मिनिटांत संपतो, आणि मूळ वेगाला बांधलेल्या ओळी दर मिनिटाला सुमारे २.४ सेकंद मागे पडत जातात. तुमची ‘तीन मिनिटं’ तिथून आली.

‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलायची सोय आहे. तिथे २३.९७६ (डिजिटल प्रतींत २४ चा बहुधा हाच आकडा असतो) वरून २५ करा (गुणक ०.९५९०४). त्यानंतर पहिला संवाद जुळवा, मग शेवटचा तपासा. आधी सरकवून मग वेग बदललात तर सरकवलेला वेळही आक्रसतो, म्हणून क्रम हाच ठेवा.

खरं तर पाल प्रत टाळाच. तिच्यात आवाज जवळपास अर्ध्या स्वराच्या पाऊण हिश्शाने चढतो. ज्या प्रसंगाची मजाच आवाजाच्या पट्टीवर आहे तिथे हे खटकतं. ब्ल्यू-रे प्रत मूळ वेगाची असते. आणि चित्र जवळपास चौकोनी आहे, पडदा भरायला ताणू नका. ग्राउचो आडवा होतो.

तबकडी_७८:
शेव्हालिए पॅरामाउंटचाच तेव्हाचा मोठा फ्रेंच गायक-नट. गाणं त्याच्या १९३० च्या ‘द बिग पॉन्ड’मधलं. ‘मंकी बिझनेस’ही पॅरामाउंटचा, म्हणजे कंपनीने घरच्याच ताऱ्याची थट्टा घरच्या घरी केली. तळटीप नको, वाचेपर्यंत प्रसंग पुढे जातो. त्याआधी पासपोर्ट हाती लागतो तिथल्या ओळीतच ‘प्रसिद्ध गायक मॉरिस शेव्हालिए’ एवढं घुसवा. पुढे गाण्याचे शब्द एकदाच, झेपोच्या वेळी द्या. नंतरच्या तिघांना ओळ नको. तेच तेच गाणं चाललंय हे कानाला कळतं.

ग्रामोफोनबद्दल: चावीच्या यंत्रात साउंडबॉक्स (सुईचा आवाज करणारी डबी) आणि टोनआर्मचं (ती धरणाऱ्या दांड्याचं) वजन सुईला खाचेत बसवतं, त्यामुळे यंत्र सपाट आणि स्थिर लागतं. हलत्या माणसाच्या पाठीवर सुई घसरणार किंवा उडणार. तेव्हा आवाज वेगळा घातलेला मानणंच रास्त.

शेवटी चावी संपून गाण्याचा वेग उतरतो, तो भाग मात्र अगदी यंत्राच्या स्वभावाला धरून आहे. गव्हर्नरची (वेग ताब्यात ठेवणाऱ्या भागाची) वजनं फिरताना बाहेर फेकली जातात आणि चकतीला घर्षणाच्या गादीवर ओढतात. स्प्रिंगमध्ये जोर आहे तोवर वेग मिनिटाला ७८ फेऱ्यांना बांधलेला राहतो. जोर कमी पडला की गव्हर्नरचा इलाज संपतो आणि तबकडी भराभर मंदावते. ७८ चे ३९ झाले की सूर बरोबर एक सप्तक खाली. मुका हार्पो गोड गळ्याने गातोय, गाता गाता गळा रेड्याचा होतो आणि पितळ उघडं पडतं. इथे सबटायटलमध्ये काहीही लिहू नका, कृपा करून.

अंधारातली_खुर्ची:
वेग बदलला, जुळलं! आता सुरुवातीला चौघं जहाजावर पिंपांत लपून गात असतात, त्या प्रसंगाचं काय? ‘स्टोअवे’ला (जहाजात लपून फुकट जाणाऱ्याला) शब्द सापडत नाही, आणि चौघं आहेत हे गाण्यावरून कसं कळतं?

वेलांटी_उकार:
‘स्टोअवे’ला ‘फुकटे’ लिहा. लोकलवाल्या प्रेक्षकाला क्षणात कळतं आणि तोंडात बसतं. ‘विनापरवाना प्रवासी’ लिहिलंत तर ओळ संपेपर्यंत ग्राउचो पुढच्या खोलीत पोचलेला असतो.

पिंपांतून ऐकू येणारं ‘स्वीट अ‍ॅडलिन’ हे अमेरिकेत चार आवाजांत म्हणायचं ठरलेलं गाणं. म्हणून अधिकारी कप्तानाला खात्रीने सांगतो की आत चौघं आहेत. त्याच्या तोंडी ‘चौघांचं गाणं म्हणत होते’ घाला, काम झालं. (हार्पोही गात होता का, यावर मार्क्सभक्त अजून भांडतात.) पिंपावरच्या ‘किपर्ड हेरिंग’ला ‘खारवलेले मासे’ पुरे. ‘बोंबील’ केलंत तर जहाज न्यूयॉर्कऐवजी भाऊच्या धक्क्याला लागेल.

एक धोका: पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर एसआरटी (सबटायटलची वेगळी फाइल) चालवली की कधी कधी जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये नसेल तर नुसती प्रश्नचिन्हं. ‘हँडब्रेक’ या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल चित्रातच कोरून घ्या, मग कुठेही चालतं. कोरल्यावर ‘कप्तान’, ‘पासपोर्ट’ आणि ‘मॉरिस’ हे तीन शब्द पडद्यावर थांबवून बघा. अर्धा प, रफार, ऱ्हस्व वेलांटी, सगळ्यांची हजेरी त्यात लागते. ओळीत ३५-४० अक्षरं, दोनच ओळी. ग्राउचोची चार वाक्यं आली तर दोन गाळा, पण शेवटचं गाळू नका, टोला तिथे असतो.