'मे दा बेर्ग्वेन्था': लाज, संकोच की भीड?

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही स्पेनमध्ये वालेन्सियाला राहायला आलोय, मुलांच्या शाळा सुरू झाल्यात, पाद्रोनवर, म्हणजे नगरपालिकेच्या रहिवासी नोंदीत, नावं लागलीत आणि आता माझा स्पॅनिशचा क्लास चालू आहे. बाई सगळं स्पॅनिशमध्येच शिकवतात. त्यांनी एक वाक्य दिलंय, 'मे दा बेर्ग्वेन्था आब्लार'. बोलायला धीर होत नसेल तर समोरच्याला सरळ असं सांगा, तो सावकाश बोलतो म्हणाल्या. मी वहीत 'मला बोलायची लाज वाटते' लिहिलं पण ते मनाला पटत नाहीये, मेर्कादो सेन्त्रालमध्ये टोमॅटो मागायला लाज कसली, मी काय चोरी केलीय का? बरं संकोच म्हणावं तर एखाद्या पुढाऱ्याने पैसे खाल्ल्याची बातमी आली की शेजारच्या आजी 'के बेर्ग्वेन्था!' म्हणतात, तिथे संकोच बसतच नाही. मग याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

—

ताई, एका शब्दाला एकच शब्द शोधू नका, आपल्याकडे या एका भावनेचे बरेच तुकडे आहेत. पुढाऱ्याबद्दल म्हणताना 'काय ही लाज!' किंवा 'शरम वाटली पाहिजे'. चूक पकडली गेली की आपण ओशाळतो, खजील होतो. चारचौघांत अवघडल्यासारखं झालं की कानकोंडं होतं. आणि तुमच्या क्लासमधलं जे आहे ना, अनोळखी माणसापुढे तोंड उघडवत नाही, ती भीड. 'मला बोलायची भीड वाटते.' हा शब्द हल्ली कमी ऐकू येतो पण इथे तो चपखल आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि त्याच्या पुढचंही मराठीत तयार आहे, भीड चेपणे! स्पॅनिशमध्ये 'पेर्देर ला बेर्ग्वेन्था' म्हणतात, म्हणजे बेर्ग्वेन्था हरवणं, किंवा नुसतं 'सोल्तार्से', मोकळं होणं. 'या से आ सोल्तादो' म्हणजे 'आता तिची भीड चेपली'. क्लासला जाणाऱ्या प्रत्येकाबद्दल कधी ना कधी हे वाक्य म्हणायची वेळ येते आणि यावीच.

—

वरच्या उत्तराशी सहमत. मला थोडं 'दा'बद्दल सांगायचंय कारण खरी गंमत तिथे आहे. 'दार' म्हणजे देणे, तर वाक्य शब्दशः 'मला लाज देतं' असं होतं. याच साच्यात मे दा म्येदो म्हणजे भीती वाटते, मे दा आस्को म्हणजे किळस येते, मे दा इग्वाल म्हणजे मला काही फरक पडत नाही. आणि माझं सगळ्यात आवडतं मे दा पेरेथा. इंग्रजीतून शिकवताना याचा अर्थ आळशीपणा वगैरे सांगतात, आणि मग तो आपल्या स्वभावातला दोष वाटायला लागतो. मराठीत सरळ 'जिवावर येतं'. ऐन उन्हात आयुन्तामिएन्तोत, म्हणजे नगरपालिकेत, कागद घेऊन जायचं जिवावर आलंय, मे दा पेरेथा, संपलं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की वहीत इंग्रजी अर्थ लिहू नका, मराठी लिहा. 'मे गुस्तान लास नारान्खास', मला संत्री आवडतात. बघा, आवड मला आहे पण क्रियापद संत्र्यांप्रमाणे चालतं, दोन्हीकडे तसंच. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे उलटं वाटतं आणि ते बरेच दिवस अडखळतात, आपल्याला मात्र लहानपणापासून येतंय. ग्लास फुटला की ते म्हणतात 'से मे आ काइदो एल बासो', म्हणजे ग्लास माझ्या हातून पडला, मी पाडला नाही!! हे 'हातून' इंग्रजीत आणायला किती कसरत करावी लागते.

—

आधी धन्यवाद, भीड शब्द एकदम पटला. माझी आई म्हणायची, मीच विसरले होते. एक भर घालते. इथे शाळेच्या सूचना वालेन्सियानोत, म्हणजे इथल्या स्थानिक भाषेत येतात आणि त्यात 'देतं' नाही, 'करतं' आहे, एम फा वेर्गोन्या. म्हणजे स्पॅनिश लाज देतं, वालेन्सियानो लाज करतं आणि आपल्याला ती वाटते.

अजून एक, 'बेर्ग्वेन्था आखेना' काय आहे? टीव्हीवर कुणी बेसूर गात होतं तेव्हा आजी म्हणाल्या.

—

आखेनो म्हणजे परक्याचं. चूक दुसऱ्याची आणि अवघडायला आपल्याला होतं ते. एक शब्द नाही मिळणार, पण 'त्याचं बघून मलाच कानकोंडं झालं' म्हटलं की झालं.

उच्चाराचं पण सांगतो, बेर्ग्वेन्था लिहिताना यू वर दोन टिंबं असतात ती गाळू नका. ती नसतील तर गे वाचतात, जसं गेर्रा म्हणजे युद्ध. टिंबं असली की ग्वे, जसं पेंग्विनचं पिंग्विनो. आणि सुरुवातीला व्ही लिहिलेला असला तरी स्पॅनिशमध्ये उच्चार ब.

—

मी ग्वादालाहाराला असते, स्पेनमधलं नव्हे, मेक्सिकोतलं. इथे था नाहीच, बेर्ग्वेन्सा. आणि भीडेला लोक सर्रास 'मे दा पेना' म्हणतात. तुम्ही स्पेनमध्ये तेच म्हणालात तर अर्थ होईल 'मला वाईट वाटतंय'. इथे बेर्ग्वेन्सा जरा जड आहे, शरमेकडे झुकणारा. लाजाळू माणसाला इथे पेनोसो म्हणतात. कोलंबियात तर 'के पेना कोन उस्तेद' म्हणजे चक्क माफी, 'तुम्हाला उगीच त्रास दिला हो'. तेव्हा कुठल्या देशाची स्पॅनिश शिकताय ते आधी बघा आणि यूट्यूबवर शिकत असाल तर बाई कुठल्या आहेत तेही.

—

बरोबर. शिवाय भीड फक्त शब्दांची नसते, तू म्हणू की तुम्ही म्हणू याचीही असते. त्यावर 'तुतेआर' हे क्रियापद आहे, म्हणजे अरेतुरे करणं, पण आपल्याकडे एकेरीवर येणं म्हणजे भांडण आणि तिकडे ती जवळीक. स्पेनमध्ये दुकानात, बँकेत, अगदी सरकारी खिडकीवरसुद्धा अनोळखी लोक बऱ्याचदा 'तू' म्हणतात, अपमान समजू नका. तरी ताई, तुमच्या त्या शेजारच्या आजींना 'उस्तेद', म्हणजे तुम्हीच म्हणा, त्या स्वतःहून 'तुतेआमे', म्हणजे मला तू म्हण, असं म्हणेपर्यंत. त्यांनी तसं म्हटलं की मात्र लगेच तू म्हणायचं, नाहीतर त्यांना परकं केल्यासारखं वाटतं.