‘ध्यान’ की ‘अवधान’?

मेंदूविज्ञानावरचा एक लेख मराठीत आणतेय. मुळात ‘मेडिटेशन’ आणि ‘अटेन्शन’ असे दोन शब्द आहेत. पहिल्या खर्ड्यात माझं वाक्य उतरलं: ‘ध्यानाने ध्यान वाढते.’ आता काय करू?

— अटेन्शनला बिनधास्त ‘अवधान’ लिहा. ज्ञानेश्वरांनीही नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला श्रोत्यांकडे अवधानच मागितलंय. माझी तक्रार पहिल्या शब्दाबद्दल आहे. पतंजलीकडे चित्त एका जागी बांधणं ही धारणा, आणि तोच प्रत्यय, म्हणजे तीच जाणीव, सलग वाहत राहिली की ध्यान. विपश्यनेत उठेल ती संवेदना नुसती पाहायची. आणि तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान’ तर विटेवर उभं आहे! ते रूप आहे, क्रिया नाही. (‘काय ध्यान आहे!’ हे त्याचंच घसरलेलं टोक असावं.)

प्रयोगशाळेत या सगळ्याचं एकच ‘मेडिटेशन’ होतं. 1961 साली दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छीना आणि बलदेव सिंग यांचा योग्यांवरचा अभ्यास आला. समाधीत असताना मोठा आवाज केला, गरम काचनळी टेकवली, तरी अल्फा लहरी (शांत जागेपणी मेंदूत उठणाऱ्या, लक्ष वेधलं की मोडणाऱ्या) मोडल्या नाहीत. 1966 मध्ये जपानात कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांना पुन्हा पुन्हा ‘टक्’ असा आवाज ऐकवला, तर दर वेळी लहरी मोडल्या. एक दार लावून बसलेला, दुसरा सताड उघडं टाकून.

— पण 1981 मध्ये बेकर आणि शपायरो यांना हा फरक सापडलाच नाही.

— बरोबर. म्हणूनच कोणाची कुठली साधना, हे आधी लिहायला हवं. नुसतं ‘ध्यान करणारे’ म्हणून भागत नाही.

मग ‘माइंड’ला ‘चित्त’ चालेल?

— जपून. सांख्य-योगात चित्त प्रकृतीतलं, म्हणजे जडच. पाहणारा पुरुष, म्हणजे नुसता साक्षी असलेला चेतन, निराळा. स्कॅनर रक्तातल्या प्राणवायूचे चढउतार टिपतो. त्यावरून चित्ताबद्दल काही अंदाज बांधता येईल, पण जो द्रष्टा कधी दृश्य होतच नाही, तो पडद्यावर कुठून येणार? तेव्हा यंत्रावर चिडू नये, आणि ‘समाधी सिद्ध झाली’ म्हणून पेढेही वाटू नयेत.

आभार. मूळ लेखात तळाशी बारीक अक्षरात विपश्यनाच निघाली. वाक्य केलं: ‘विपश्यनेच्या सरावानंतर अवधान वाढले.’ संपादकांनी विपश्यना खोडून ‘ध्यानधारणा’ केलंय. म्हणे, वाचकाला तेच कळतं.