ओसीटीत (डोळ्याच्या थरांचा स्कॅन) नर्व्ह फायबर जाड आणि मूल डगमगत चालतं: रेफरलमध्ये काय लिहावं? (इंदूर)

पलासिया_ऑप्टोम: मुलगा, वय ९. दृष्टी दोन्हीकडे ६/६. डिस्कच्या (डोळ्यातलं नसेचं टोक) कडा जरा धूसर दिसल्या म्हणून ओसीटी केली. आरएनएफएल (पडद्यावरचा नर्व्ह फायबरचा थर) सरासरी उजवीकडे १४१, डावीकडे १३८ मायक्रॉन. डोकेदुखी, उलटी नाही. चाल मात्र डगमगती, पाय ताठ, तळपायाची कमान उंच. आईवडील आते-मामे भावंडं. ‘पडद्याला सूज’ लिहून न्यूरोकडे पाठवू का?

नेत्र_न्यूरो: लगेच पाठवा, पण ‘सूज’ लिहू नका. तो शब्द वाचला की मेंदूतला दाब वाढलाय असं धरून मुलाच्या पाठीतून पाणी काढायची तयारी सुरू होते. ‘आरएनएफएल जाड, सोबत अटॅक्सिया व स्पास्टिसिटी’ (म्हणजे तोल जाणं व स्नायू ताठ होणं) असं लिहा, आकड्यांसकट.

त्याआधी डिस्क नीट बघा. रक्तस्राव आहे का? शिरांचं स्पंदन दिसतं का? दिसलं तर दाब बहुधा ठीक आहे. दिसलं नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही. बी-स्कॅन (डोळ्याची सोनोग्राफी) करा. गेन (मशीनची संवेदनशीलता) कमी केल्यावरही चमक टिकली तर ड्रूझन, म्हणजे डिस्कमधले कॅल्शियमचे कण.

या चित्रात माझा पहिला संशय एआरसॅक्सचा: आईवडील दोघांकडून सदोष जीन आल्यावर होणारा, चाल डगमगती आणि पाय ताठ करणारा आनुवंशिक आजार. कॅनडातल्या क्वेबेकच्या शार्लव्हॉ-सॅगने भागात १९७८ मध्ये प्रथम वर्णन झालेला हा आजार आता जगभर सापडतो. यात फायबर फुगलेले नसतात, मुळातच जाड असतात. म्हणून नजर चांगली राहते. सरासरी ११९ मायक्रॉनच्या वर असेल तर हा आजार डोक्यात यायलाच हवा.

घोटाळा रंगांमुळे होतो. मशीनचा लाल रंग पातळ थरासाठी असतो. सिरस या ओसीटी मशीनवर जाड थर पांढरा येतो आणि ‘लाल नाही ना, मग नॉर्मल’ म्हणून रिपोर्ट फाइलला लागतो. रंग सोडा, आकडा वाचा. आणि स्कॅन डिस्कचा हवा. नुसत्या मॅक्युलाच्या (पडद्याचा मधला भाग) स्कॅनवर हे निसटतं.

एमआरआय सांगताना रेडिओलॉजिस्टला दोन गोष्टी मुद्दाम बघायला सांगा: पॉन्समध्ये (मेंदूच्या देठाचा मधला भाग) टी२ प्रकारच्या चित्रांवर काळ्या रेषा, आणि वर्मिसचा (लहान मेंदूचा मधला पट्टा) वरचा भाग आक्रसलेला. नर्व्ह कंडक्शन, म्हणजे नसांतून संदेश किती वेगाने जातो याची तपासणीही हवीच.

जीन_सल्लागार: एआरसॅक्स ज्यातल्या बदलांमुळे होतो त्या एसएसीएस जीनसाठी ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणारी) २-३ मिली रक्त. एक्झोम (सगळ्या जीन्सची एकत्र तपासणी) सांगत असाल तर डिलीशन-डुप्लिकेशनचं (जीनचा तुकडा गहाळ किंवा दुप्पट) विश्लेषण त्यात आहे का ते लॅबला आधीच विचारा, नाहीतर जीनचा गहाळ तुकडा सापडतच नाही. आईवडिलांचे नमुने त्याच दिवशी घ्या. दोन बदल दोघांकडून एकेक आले हे सिद्ध झाल्याशिवाय निदान पक्कं नाही. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के, तेव्हा आई पुन्हा गरोदर राहण्याआधी रिपोर्ट हातात हवा. सुरुवात इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या न्यूरो ओपीडीत करता येईल; भोपाळच्या एम्समध्ये दुर्मिळ आजारांचं केंद्र आहे.

फिजिओ_ताई: रिपोर्टची वाट बघत बसू नका. पोटऱ्या आणि हॅमस्ट्रिंगचं स्ट्रेचिंग आजपासून रोज, प्रत्येक ताण ३० सेकंद. पाऊल खाली लोंबत असेल तर एएफओ (घोटा-पावलाला आधार देणारा साचा), मापाचाच. तयार घेतलेला उंच कमानीला घासतो आणि मूल तो घालायचं सोडतं. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) सुरू झालं तर आईला बजावून सांगा, गोळ्या संपल्या म्हणून एकदम बंद करायच्या नाहीत. झटके येऊ शकतात.