गौरींसाठी पाळी पुढे ढकलली, आता येतच नाहीये. मदत हवी आहे

मैत्रिणींनो, माझ्या धाकट्या जावेसाठी विचारतेय. गौरी जेवतात नेमकी त्याच दिवशी तिची तारीख होती, म्हणून डॉक्टरांनी नोरएथिस्टेरॉन दिलं, 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून 3 वेळा. बंद केल्यावर साधारण 2-3 दिवसांत पाळी येते म्हणाले होते. आठवडा उलटला, अजून पत्ता नाही. ओटीपोट जड झालंय, छाती दुखते, बिचारी नुसती रडकुंडीला आलीये.

या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही, म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट करायला लावली. एकच रेघ आली. पण फार लवकर केली तर दिवस गेलेले असूनही निगेटिव्ह येते ना? परत कधी करावी?

शिवाय तिला थायरॉइड आहे आणि सणाच्या गडबडीत ती गोळी बऱ्याचदा राहिली. जागरणं, दगदग वेगळीच. पाळी त्यानेही लांबते, मग नेमकं कारण कसं शोधतात? आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करावी की सोनोग्राफी?

सासूबाई तिळाचा काढा द्या म्हणतात. टेस्टची खात्री होईपर्यंत मी तरी देणार नाही. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळालीये. कुणाला या गोळ्यांनंतर असं झालं होतं का? डॉक्टरांना आणखी काय विचारू?