जुना जपानी रिसीव्हर दुरुस्त करू की नवीन हाय-एंड अ‍ॅम्प घेऊ? (नागपूर)

प्रतापनगरचा_श्रोता

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे, वाचून घ्या.

मामांनी कुवेतहून आणलेला एक जपानी स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प एकाच डब्यात) आता माझ्याकडे आला आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटचा आहे, समोर जाड अ‍ॅल्युमिनियमचं पॅनल, लाकडी डबा, ट्यूनिंगचा नॉब असा जड की एकदा फिरवला की काटा आपला आपण सरकत जाते. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल. सोबत त्याच काळातले मोठे थ्री-वे स्पीकर आहेत (खालचे, मधले, वरचे सूर तीन वेगळ्या युनिटमधून), बारा इंची वूफरवाले, म्हणजे बेसचं युनिट बारा इंची. प्रॉब्लेम असा की व्हॉल्यूम फिरवला की खरखर होते आणि डावा चॅनल अधूनमधून गायब होतो, आवाज वाढवला की परत येतो.

दुसरीकडे नवीन सिस्टिमसाठी दोन-अडीच लाख बाजूला काढून ठेवले आहेत. मागे मुंबईला कामानं गेलो तेव्हा एका शोरूममध्ये आजचा हाय-एंड सेटअप नीट बसून ऐकला, स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारा), वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा), इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, बारीक उंच टॉवर स्पीकर. आवाज इतका साफ की तबल्याची चाट, गायकाचा श्वास, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. नाव ठेवायला जागा नाही. पण थोड्या वेळानं मी घड्याळ पाहायला लागलो. आणि घरी आल्यावर जेवताना जुन्या सेटवर हळू आवाजात विविध भारती लावलं तर जेवण झालं, ताट सुकलं, तरी मी तिथंच बसून होतो.

आता हे नुसतं मामांचं आहे म्हणून मला वाटून राहिलं की खरंच त्या आवाजात काही आहे? आणि असेल तर नेमकं काय? दुरुस्तीवर पैसे घालावेत का? इथं जाणकार लोक आहेत म्हणून विचारतो, मनापासून सांगा.

सोल्डरवाले_काका

भाऊ, पहिले एक काम कर, तो सेट तपासून होईपर्यंत चालू करू नको. कारण खाली सांगतो.

आधी तुझा मेन प्रश्न. तू जेवताना हळू आवाजात ऐकून राहिला होता. समोर ‘लाउडनेस’ लिहिलेला खटका असेल, तो दाबलेला होता का ते पाहून सांग. मला वाटते तिथंच अर्धं उत्तर आहे. आवाज कमी केला की आपल्या कानाला खालचे सूर बाकीच्यापेक्षा जास्त कमी ऐकू येतात, हे बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. रेकॉर्डिंग स्टुडिओत मोठ्या आवाजात मिक्स झालेलं असते, ते घरी हळू लावलं की डग्गा गेला, तानपुऱ्याचा भरणा गेला, उरते ते पातळ. त्या काळच्या रिसीव्हरमध्ये हा लाउडनेस खटका याच्यासाठीच होता, कमी व्हॉल्यूमला बेस आणि थोडा ट्रेबल उचलून द्यायचा. सोबत बेस, ट्रेबल, काहींमध्ये मिडसुद्धा, लो फिल्टर, हाय फिल्टर, मोनोचं (दोन्ही चॅनल एक करायचं) बटण. म्हणजे ज्याला घरात, बायकापोरं झोपल्यावर, शेजाऱ्याची भिंत लागून असताना ऐकायचं आहे त्याचा विचार करून बनवलेली वस्तू आहे ती.

आजच्या महागड्या अ‍ॅम्पमध्ये बऱ्याचदा एक व्हॉल्यूम आणि एक सोर्स निवडायचा नॉब, बस. कारण काय, तर सिग्नलच्या रस्त्यात कमीत कमी पार्ट असावेत. तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण ते शोरूमच्या आवाजात बरोबर आहे. रात्री अकराला घरात नाही. मला हे अजिबात पटत नाही आणि मी आयुष्यभर हीच यंत्रं उघडून राहिलो.

दुसरं, त्या काळचे वॉट. अमेरिकेत १९७४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं नियम केला की पॉवरचा आकडा छापायचा तर दोन्ही चॅनल एकदम चालवून, सतत, किती डिस्टॉर्शनला (आवाजातल्या बिघाडाला) ते सांगून छापा. त्याआधी ‘पीक म्युझिक पॉवर’ वगैरे नावाखाली काहीही आकडे लिहायचे. नियम आल्यावर कंपन्यांना खरंच मोठे ट्रान्सफॉर्मर, मोठे कंडेन्सर (वीज साठवणारे पार्ट) घालावे लागले आणि मग त्यांच्यात चढाओढच लागली. पायोनियरचा एसएक्स-१२५० आला १९७६ मध्ये १६० वॉटचा, आणि दोनच वर्षांत एसएक्स-१९८० आला २७० वॉटचा, वजन ३५ किलो. तुझा सेट त्याच काळातला आहे, म्हणजे त्याच्यावर ५० वॉट जरी लिहिले असतील तरी त्यावर विश्वास ठेव, आजच्या एखाद्या साउंडबारच्या डब्यावरच्या ५०० वॉटपेक्षा.

आता चालू करू नको का म्हटलं ते. आवाज वाढवल्यावर गेलेला चॅनल परत येते, हे लक्षण बहुतेक वेळा स्पीकर प्रोटेक्शन रिलेच्या (बिघाड झाला तर स्पीकरची जोडणी आपोआप तोडणारा खटका) काळ्या पडलेल्या पॉइंटचं असते. खरखर म्हणजे व्हॉल्यूम पॉटमधली (नॉबमागच्या पार्टमधली) धूळ. दोन्ही किरकोळ कामं आहेत, चांगला काँटॅक्ट क्लीनर आणि नवीन रिले. पण भीती आहे ती कंडेन्सरची. ढोबळ हिशोब असा की तापमान १० डिग्री कमी झालं की इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दुप्पट, वाढलं की अर्धं. आता नागपूरचा मे महिना घे. बाहेर ४५, खोलीत दुपारी कूलर बंद असला तर ४० च्या आसपास, आणि लाकडी डब्याच्या आत हीटसिंकजवळ आणखी वर. त्यात जुने कंडेन्सर ८५ डिग्री रेटिंगचे. थंड देशातला सेट आणि आपल्याकडे चाळीस उन्हाळे काढलेला सेट यात फरक राहतेच. म्हणून बदलताना १०५ डिग्रीचेच टाकायचे, पैशाचा फार फरक नाही.

पहिल्यांदा चालू करायचा तो सिरीज बोर्डवर, १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून, स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. मग स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी (तिथं नको असलेलं एकदिशा व्होल्टेज) मोजायचा, ५० मिलिव्होल्टच्या आत असला म्हणजे जीव भांड्यात पडतो. आणि कोणी म्हटलं की सगळे ट्रान्झिस्टर बदलून टाकू तर त्याच्याकडे देऊ नको. चालू असलेले जुने आउटपुट ट्रान्झिस्टर काढून बाजारातले नकली टाकलेले सेट मी खूप पाहिले.

डीबी_मीटर

काकांचं लाउडनेसचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण मी नवीनची बाजू मांडतो कारण इथं सगळे जुन्याच्या प्रेमात पडलेले असतात आणि नवीन माणूस त्यात वाहून जाते.

भाऊ, सोर्सचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. सीडी १९८२ मध्ये आली, १६ बिट, ९६ डीबी डायनॅमिक रेंज (सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर), एलपी रेकॉर्ड चांगल्यातली चांगली घेतली तरी ६०-७० च्या आसपास. आज दहा-पंधरा हजारांचा डॅक इतका स्वच्छ आहे की त्याचं डिस्टॉर्शन कोणाच्या कानाला ऐकू येऊ शकत नाही. म्हणून दोन लाखांचा डॅक घेऊ नको, तो डबा आणि पॅनलचा खर्च आहे. अ‍ॅम्पचंही तेच. आजचे चांगले क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्यानं चालू-बंद करून चालणारे) मॉड्यूल आवाजात कुठंच कमी नाहीत आणि ९० टक्क्यांच्या आसपास एफिशियन्सी असल्यामुळे मे महिन्यातही हात लावला तर जेमतेम कोमट लागते. क्लास ए वाला (आवाज नसतानाही सतत करंट ओढणारा) अ‍ॅम्प नागपुरात चालवून पाहा, पंचवीस वॉट ऐकायला दीड-दोनशे वॉटचा हीटर लावून बसायचं.

खरी प्रगती झाली ती स्पीकरमध्ये. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात पडद्यामागं स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले, कोणता कोणाचा ते माहीत नसताना. लोकांना आवडले ते समोरून सपाट (सगळे सूर सारखे देणारे) आणि बाजूला गुळगुळीत उतरत जाणारे स्पीकर. आज हे कॉम्प्युटरवर आधीच काढता येते, सत्तरच्या बऱ्याच थ्री-वे मध्ये ते जमलेलं नव्हतं, जिथं वूफर संपून मिड सुरू होते तिथं खड्डा किंवा टेकाड असते. पण एक मान्य करतो, तुझ्या बारा इंची वूफरला जितकी हवा हलवता येते तितकी शोरूममधल्या बारीक टॉवरच्या पाच-सहा इंची वूफरला येत नाही. तो जो ‘भरलेला’ आवाज वाटते तो त्यातूनही येते, त्याच्यात नॉस्टॅल्जिया नाही.

आणि तुलना करायची तर नीट कर. एखादी सिस्टिम एक डीबीनं जरी मोठी वाजत असली तरी कानाला ती ‘चांगली’ वाटते, मोठी वाटतच नाही. एक किलोहर्ट्झचा टोन लाव, त्याच स्पीकरवर दोन्ही अ‍ॅम्प आलटून पालटून जोड, टर्मिनलवर मल्टिमीटरनं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत सारखं कर आणि मग ऐक. माझ्या घरी हे केलं तेव्हा लाउडनेस आणि टोन बंद असताना जुना नवा कोणी ओळखू शकलं नाही, आणि आम्ही सगळे रोज ऐकणारे होतो.

अजून एक, खोली. आपल्याकडची खोली म्हणजे खाली टाइल्स, वर स्लॅब, भिंती कोऱ्या आणि चार महिने खिडकीत कूलर. तो कूलर फुल असला की त्याच्याच आवाजात अर्धं संगीत बुडते, मग लाखाच्या केबलचं काय करायचं. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचं कपाट, याच्यावर आधी खर्च कर.

महालची_ताई

डीबी_मीटर, तुमचं मोजमाप मान्य, पण तुम्ही सगळे एक गोष्ट सोडून राहिले. ऐकायचं काय आहे?

माझ्याकडे बहुतेक शास्त्रीय संगीताच्या जुन्या रेकॉर्ड्स आहेत, एचएमव्हीच्या, कोलकात्याच्या डमडमला छापलेल्या, बऱ्याच मोनो. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत असते ते सुईच्या आडव्या हालचालीत. उभी हालचाल म्हणजे फक्त धूळ, ओरखडे, खरखर. स्टिरिओ पिनेनं वाजवताना अ‍ॅम्पचं मोनो बटण दाबलं की दोन्ही चॅनल एकत्र होऊन ती उभी खरखर एकमेकीला मारते आणि आवाज एकदम मोकळा होते. हे बटण जुन्या रिसीव्हरवर हमखास असायचं. मी नवीन अ‍ॅम्प पाहायला गेले तेव्हा दुकानदाराला विचारलं मोनो बटण कुठं आहे, तर तो माझ्याकडेच पाहत राहिला. बऱ्याच नवीन अ‍ॅम्पमध्ये फोनोचं (रेकॉर्ड प्लेअर जोडायचं) इनपुटही नसते, ते वेगळं घ्यायचं.

त्या शोरूममध्ये जे ऐकवतात ते त्या सिस्टिमला शोभेल असंच निवडलेलं असते. माझ्या पन्नास-साठ वर्षं जुन्या रेकॉर्डिंगवर ते बारीक टॉवर लावले तर हार्मोनियम टोचते, टेपची सूंऽऽ समोर येऊन बसते, आणि ज्याच्यासाठी आपण बसलो तो गळा मागं राहते. माझ्या जुन्या अ‍ॅम्पवर हाय फिल्टर दाबते, ट्रेबल एक घर खाली, आणि भीमसेनजी समोर येतात. हे तांत्रिकदृष्ट्या ‘कमी’ आहे हे मला माहीत आहे, आणि मला तेच पाहिजे आहे.

श्रोता भाऊ, स्पीकरची जाळी काढून वूफरच्या कडेचा फोम पाहा. बोटानं हात लावला की चुरा होत असेल तर वाजवू नका, कॉइल घासून जाते. तो कडेचा भाग बदलून मिळते, पूर्ण स्पीकर फेकायची गरज नाही. कडा रबराची किंवा कापडाची असेल तर बहुतेक ठीक असेल. आणि रेकॉर्ड असतील तर उन्हाळ्यात गच्चीखालच्या माळ्यावर ठेवू नका, वाकतात. कूलरच्या दमट हवेसमोर तर अजिबात नाही, कव्हरला बुरशी धरते आणि मग तो वास जात नाही.

इतवारीवाला

छोटी माहिती, कोणी जुना सेट विकत घेत असेल तर कामाची. मागं व्होल्टेज पाहून घ्या. खास जपानच्या बाजारातला सेट १०० व्होल्टचा असते, त्याला स्टेपडाउन (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर लागते, आणि त्याचा एफएम ७६ ते ९० पर्यंतच, आपल्या इथली स्टेशनं ९१ च्या पुढं, म्हणजे रेडिओ शोभेचा. आखातातून आलेल्या सेटला बहुधा व्होल्टेज बदलायचा खटका मागं असते, तो २४० वर आहे ना पाहा, आमच्याकडे रात्री कधी कधी २४५ च्या वर जाते. ‘व्हिंटेज’ लिहून लोक काहीही भाव सांगून राहिले, आत उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

बाकी नवीन कंपन्याही मागंच वळून राहिल्या ना. टेक्निक्सचा एसएल-१२०० टर्नटेबल १९७२ चा, २०१० मध्ये बंद केला आणि २०१६ मध्ये परत आणला, तोही हाय-एंड किमतीला. जेबीएलनं सत्तरचा एल १०० नव्या रूपात २०१८ मध्ये काढला. मागणी आहे म्हणूनच ना.

प्रतापनगरचा_श्रोता

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

काका, तुम्ही सांगितलं म्हणून सेट चालू केला नाही, पण खटका पाहिला. लाउडनेस दाबलेलाच आहे, बेसचा नॉबही एक घर पुढं. मामांना फोन लावला तर ते म्हणाले, घेतल्यापासून तसाच आहे, आमच्या फ्लॅटमध्ये खाली मालक राहायचे म्हणून कधी मोठा लावताच आला नाही.

व्होल्टेजचा खटका २४० वर आहे. वूफरची कडा कापडाची निघाली, ताई, काळी चिकट, फाटलेली नाही.

तर आता ठरवून राहिलो की रिसीव्हर दुरुस्त करायचा आणि नवीन अ‍ॅम्पचा विचार सोडायचा. एक साधा डॅक घेईन फोनवरून ऐकायला. पण स्पीकरबद्दल डीबी_मीटर यांनी जे लिहिलं त्यानं अडकलो, बाराइंची ठेवावेत की बाजूला काढून ठेवलेल्या पैशातून नवीन घ्यावेत? आणि काका, सेट तुमच्याकडे आणून दाखवला तर चालेल का?

डीबी_मीटर

आधी अ‍ॅम्प होऊ दे. मग माझे स्पीकर घेऊन मी तुझ्या घरी येतो, तुझ्याच खोलीत दोन्ही ऐकू, मल्टिमीटर आणि माइक आणतो. थ्री-वेच्या क्रॉसओव्हरमधले (सूर तीन युनिटांत वाटणारं सर्किट) कंडेन्सर पण म्हातारे झाले असतील, ते बदलून मग मोजू, आत्ताच निकाल देणं त्या स्पीकरवर अन्याय होईल.

सोल्डरवाले_काका

आण ना, चालेल काय विचारून राहिला. लाकडी डबा काढून घरीच ठेवून ये, वाटेत घासला तर तो परत मिळत नाही, आतलं सगळं मिळते. गाडीवर मांडीत घेऊन येऊ नको, ऑटो कर. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल नेटवर मिळते, ते डाउनलोड करून प्रिंट काढून आण, आयडल करंट (काही वाजत नसताना वाहणारा) किती ठेवायचा तो आकडा त्याच्यात असते आणि तो अंदाजानं लावायचा नसते.

ताईंनाही बोलाव. मोनो बटणाचे पॉइंट साफ केल्यावर खरखर किती मरते ते एखादी रेकॉर्ड लावूनच तपासता येईल.